ट्रेलरची आगोट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उन्हाळ्यात गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा जुना २६ फुटी ट्रेलर घेतलात, राहता ॲन आर्बरजवळ, आणि मिशिगनमधला ट्रेलरसकट हा तुमचा पहिलाच हिवाळा. तो हिवाळ्यासाठी बंद करून द्यायला डीलर २०० डॉलर मागतोय. शेजारी म्हणतो, "पाइपांत न गोठणारं गुलाबी पाणी ओत आणि विसरून जा." घरात विचार चाललाय की वरून निळी ताडपत्री टाकून आत छोटा इलेक्ट्रिक हीटर लावून ठेवावा. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की डिसेंबरच्या मध्यापासून सहा आठवडे सगळे पुण्याला असाल.

मी सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण बाकीची उत्तरं त्याने बदलतात. घरी असलेला माणूस थंडीची लाट आली की बाहेर जाऊन एक चक्कर मारतो, छतावर बर्फ साठला तर झाडतो, बॅटरी उतरली तर चार्जर लावतो. तुम्ही आठ हजार मैलांवर बसून यातलं काही करू शकणार नाही. म्हणजे तुमचा ट्रेलर असा ठेवायला हवा की त्याच्याकडे सहा आठवडे कुणी बघितलं नाही तरी चालेल. ज्या उपायाला वीज लागते किंवा कुणाचं लक्ष लागतं, तो तुमच्यासाठी बाद.

मी व्यवसायाने गाड्यांच्या पाइप आणि फिटिंगमधला इंजिनिअर. ट्रेलर हा छंद, पण चौदा हिवाळे झाले, आणि दर ऑक्टोबरात ओळखीच्यांचे सात-आठ ट्रेलर माझ्या हातून बंद होतात. मूळ गाव गुहागरकडचं. आमच्याकडे मृगाच्या आधी आगोटीची घाई असायची. घर शाकारून घ्यायचं, पडवीला झापांच्या झडी बांधायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा, मीठ-मसाल्याची बेगमी करायची. आजी पावसाला घाबरत नसे, पण पाणी कुठून आत शिरेल ते तिला तोंडपाठ होतं. इथे आल्यावर मला ट्रेलरचं काम पटकन कळलं ते त्यामुळेच, फक्त आगोट जूनऐवजी ऑक्टोबरात येते.

खरा मुद्दा असा आहे की नुसती थंडी ट्रेलरचं फारसं बिघडवत नाही. ॲल्युमिनियम, फायबरग्लास, लाकूड, रबर हे सगळं उणे तापमानात निमूट बसून राहतं. २०१९ च्या जानेवारीअखेर ध्रुवीय थंडीची लाट आली, डेट्रॉईटमध्ये पारा उणे १० फॅरनहाइटच्याही खाली उतरला, तरी नीट रिकामे केलेले ट्रेलर जसेच्या तसे होते. वाट लावतं ते पाणी. पाइपमध्ये उरलेलं, छताच्या भेगेतून उतरलेलं, आतल्या हवेतलं, आणि उतरलेल्या बॅटरीच्या ॲसिडमधलं. त्याच्या जोडीला उंदीर. म्हणून यादीवर खुणा करत जाण्यापेक्षा एकच प्रश्न विचारत ट्रेलरभर फिरा: इथे पाणी उरलंय का?

किती काम करावं लागेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. वॉटर हीटर कुठल्या जातीचा, त्याला वळसा घालणारा बायपास आधीच बसवलेला आहे का, ट्रेलर घराजवळ राहणार की दूर, आणि मधे एखाद्या वीकेंडला वापरणार आहात का. तुमच्या बाबतीत वापर नाही असं धरतो. पाण्याचं काम १५ ऑक्टोबरच्या आत संपवा. आपल्या भागात पहिलं गोठण साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतं. एखाद्या रात्री पारा ३० फॅरनहाइटला, म्हणजे गोठणबिंदूच्या किंचित खाली, शिवून गेला म्हणून लगेच काही फुटत नाही, पण रात्रभर २० ते ३० च्या मध्ये राहिला की बाहेरच्या बाजूच्या फिटिंग पहिल्यांदा जातात.

आता पाणी. यात मी जरा रमणार आहे, कारण चुका इथेच होतात.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ट्रेलरमधले पाइप बहुतेक पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे असतात, ते थोडं ताणून घेतात. फुटतात ते प्लास्टिकचे कोपरे, नळांच्या आतली काडतुसं, पंपाचं डोकं, टॉयलेटची झडप आणि फिल्टरचं भांडं. आणखी एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. पुष्कळदा बर्फ होतो एकीकडे आणि फुटतं दुसरीकडे. वाढत जाणारा बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये उरलेलं पाणी कोंडतं, त्याला जायला वाट नसते, आणि दाब वाढत जाऊन सगळ्यात कच्चा सांधा जातो. म्हणून काम संपल्यावर सगळे नळ उघडे ठेवायचे, गरम आणि थंड दोन्ही.

आधी रिकामं करणं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची तोटी उघडा. मग ट्रेलरखाली वाकून बघा, पाइपांच्या सगळ्यात खालच्या टोकाला दोन बुचं असतात, बहुधा एक लाल आणि एक निळं. ती काढा, पंप काही सेकंद चालवून उरलेलं पाणी ढकला, आणि पंप लगेच बंद करा. पाण्याचा फिल्टर असेल तर काडतूस काढून फेकून द्या, ते पुढच्या वर्षी वापरायच्या लायकीचं नसतं.

वॉटर हीटर शांतपणे हाताळा. गॅस आणि वीज दोन्ही बाजूंनी बंद करून रात्रभर गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी आधी आतला गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा, मगच बाहेरचं बूच काढा, आणि काढताना समोर नव्हे, बाजूला उभे राहा. गरम आणि दाबाखालचा हीटर उघडणाऱ्याच्या अंगावर उकळतं पाणी येतं. सबर्बन कंपनीचा हीटर असेल तर बुचालाच एक लांब दांडी जोडलेली निघेल. ती स्वतः गंजून स्टीलच्या टाकीला वाचवते. तीन चतुर्थांश खाल्ली गेली असेल तर वसंतात नवी लावा. ॲटवूडचा असेल तर नुसतं प्लास्टिकचं बूच असतं, कारण टाकी ॲल्युमिनियमची, तिला दांडी लागत नाही. तळाशी पांढरा चुना आणि वाळू दिसेल, तीही आताच पाण्याने धुऊन काढा.

मग बायपास. हीटरच्या मागे एक, दोन किंवा तीन झडपा असतात. त्या फिरवल्या की पाणी हीटरला वळसा घालून जातं. हे केलं नाही तर तुमचे पहिले सहा गॅलन गुलाबी द्रव हीटरच्या पोटात जातील आणि नळाला काहीच येणार नाही. दर वर्षी कुणीतरी मला फोन करून विचारतो, "पाच कॅन ओतले, अजून गुलाबी येत नाही, कसं काय?"

यानंतर खालची लाल-निळी बुचं परत लावून मी हवा मारतो. शहराच्या पाण्याच्या तोंडाला, म्हणजे बाहेरून नळाची नळी जोडतो तिथे, पितळी अडॅप्टर लावून कॉम्प्रेसर जोडायचा, दाब ४० ते ५० पीएसआयच्या वर न्यायचा नाही, आणि एका वेळी एकच नळ उघडून फुरफुर थांबेपर्यंत हवा जाऊ द्यायची. काही जण एवढ्यावरच थांबतात. दक्षिण ओहायोत कदाचित चालेलही. मिशिगनमध्ये मी नाही थांबत, कारण हवा उंच भागातलं पाणी नेते, पण पंपात आणि खोलगट वळणांत चमचा चमचा पाणी मागे राहतं. उलट तुमच्या शेजाऱ्यासारखं नुसतं गुलाबी ओतलं, तर आधीचं पाणी त्यात मिसळून ते पातळ होतं आणि त्याची ताकद जाते. कॅनवर उणे ५० लिहिलेलं असतं ते पाइप न फुटण्याबद्दल आहे. त्याच्या कितीतरी आधी त्याचा मऊ लगदा होतो, आणि पातळ झालेल्या द्रवाचा तर बर्फच. म्हणून आधी रिकामं, मग हवा, मग गुलाबी, हा क्रम मी मोडत नाही.

द्रव घेताना डब्याची मागची बाजू वाचा. प्रॉपिलिन ग्लायकॉल पाहिजे. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो एथिलिन ग्लायकॉलचा हिरवा द्रव विषारी आहे, तो पिण्याच्या पाइपांत कधीही नाही. स्वस्त गुलाबी कॅनमध्ये काही वेळा एथेनॉल असतं. ते चालतं, पण वास मागे राहतो आणि रबरी सील कोरडी पडतात. बायपास लावलेला असेल तर तुमच्या आकाराच्या ट्रेलरला दोन-तीन गॅलन पुरतात.

पंपाच्या आधी एक छोटी झडप आणि पारदर्शक नळी असेल. नळीचं टोक कॅनमध्ये बुडवा, पंप चालू करा, आणि पंपाच्या सर्वांत जवळच्या नळापासून सुरुवात करा. थंड नळाला गडद गुलाबी आलं की बंद, मग गरम. मग पुढचा. शॉवर, त्याची हातात धरायची नळी खाली सोडून. टॉयलेट, पायाने दाबून. एवढं झालं की बहुतेक लोक हुश्श करून आत चहा टाकायला जातात.

इथेच थांबा. बाहेरचा शॉवर! तो ट्रेलरच्या कुशीत एका छोट्या दाराआड असतो, वर्षात दोनदा वापरतात, वाळूचे पाय धुवायला. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी सगळं केलं आणि तो विसरलो. एप्रिलमध्ये पंप लावला, आत सगळं कोरडं, मी खूश. अर्ध्या तासाने पलंगाखालची फळी ओली लागली. दाराच्या मागचा कोपरा तडकला होता आणि पाणी भिंतीच्या आतून इन्सुलेशन भिजवत ट्रेलरच्या तळात गेलं होतं. दीड डॉलरचा कोपरा बदलायला वीस मिनिटं लागली, कुजलेली फळी बदलायला तीन वीकेंड.

विसरले जाणारे आणखी दोन कोपरे आहेत. एक, शहराच्या पाण्याच्या तोंडातली, पाणी उलटं जाऊ न देणारी झडप. पंप बंद करून, एखादा नळ उघडून दाब सोडा, जाळी काढा आणि आतली टिकली हलकेच दाबा. थोडं गुलाबी बाहेर आलं की ती वाचली. पूर्ण दाबावर दाबलंत तर तोंडावर फवारा बसतो. दुसरा कोपरा मैल्याची टाकी धुण्याच्या वेगळ्या तोंडाचा. ती नळी पिण्याच्या पाइपांना जोडलेलीच नसते, बाथरूमच्या भिंतीतून वर जाऊन खाली टाकीत उतरते, त्यामुळे पंपाने कितीही गुलाबी ढकललं तरी तिथे पोचत नाही. तिला वेगळी हवाच मारावी लागते. डीलरला हे दोन आणि बाहेरचा शॉवर एवढे तीन प्रश्न विचारा. तिन्ही कामं त्याच्या २०० डॉलरमध्ये येत असतील तर माणूस बरा आहे.

शेवटी प्रत्येक सिंकखालच्या वाकड्या पाइपात आणि शॉवरच्या मोरीत कपभर गुलाबी ओता. मैल्याची आणि सांडपाण्याची टाकी आधी रिकामी करून धुवा, मग दोन्हींत लिटरभर गुलाबी जाऊ द्या, म्हणजे बाहेरच्या सरकत्या झडपांची सील कोरडी पडून चिकटत नाहीत.

डीलरला द्यावं की स्वतः करावं? माझं मत असं की पहिल्या वर्षी पैसे द्या, पण घरी येऊन काम करणारा मेकॅनिक शोधा, शेजारी उभे राहा आणि फोनवर व्हिडिओ घ्या. पुढच्या वर्षी तुम्ही दोन तासांत कराल.

छोटा हीटर लावून ठेवायची कल्पना मात्र पूर्ण काढून टाका. एक तर खोली उबदार झाली म्हणून ट्रेलरच्या तळाखालून जाणारे पाइप उबदार होत नाहीत, ते खालच्या प्लास्टिकच्या पडद्याआड वाऱ्यावरच असतात. दुसरं, वीज गेली की संरक्षण संपलं, आणि बर्फाच्या वादळात वीज जाते तेव्हाच थंडी असते. तिसरं आगीचं. घरात माणूस नसताना बंद ट्रेलरमध्ये हीटर, याला मी कधीच हो म्हणणार नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे बहुधा साधी लेड-ॲसिड असेल. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ७० फॅरनहाइटच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र २० फॅरनहाइटलाच, म्हणजे उणे ७ सेल्सिअसला गोठू शकते, कारण ॲसिडचं जवळजवळ पाणी झालेलं असतं. आणि ट्रेलर बंद असला तरी गॅस ओळखणारा भोंगा, रेडिओची आठवण असल्या गोष्टी रात्रंदिवस थोडी थोडी वीज पितात. माझा एक मित्र जानेवारीत नाशिकला गेला, बॅटरी जोडलेली ठेवून. परत आला तेव्हा खोकं फुगून चिरलं होतं. तुम्ही ती सरळ काढून आणा. ऋण बाजूची वायर आधी सोडायची. पूर्ण चार्ज करा आणि गॅरेजमध्ये ठेवा. सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर उतरते, हे जुन्या काळच्या खोक्यांबद्दल खरं होतं, आता नाही. लिथियम असेल तर अर्ध्याहून थोडी जास्त भरून घरात ठेवा आणि गोठणबिंदूखाली कधी चार्ज करू नका.

उंदरांवर मात्र बोलायचंय.

ऑक्टोबरात मका आणि सोयाबीनची कापणी झाली की शेतातले उंदीर बेघर होतात आणि हिवाळ्याची जागा शोधायला निघतात. तुमचा ट्रेलर त्यांच्या दृष्टीने तयार गादी-उशांसकटचं घर आहे. पाव इंचाच्या भोकातून उंदीर आत येतो. त्यामुळे पाठीवर झोपून टॉर्च घेऊन खालून बघा. विजेची जाड केबल, गॅसचा पाइप, सांडपाण्याचा पाइप जिथे ट्रेलरच्या तळातून आत जातात तिथे कारखान्यातून आलेला फोम असतो, आणि फोम उंदीर लाडूसारखा कुरतडतात. तिथे तांब्याची जाळी कोंबून वरून सील करा. स्टीलवूल पहिल्या वर्षी चालतं, मग गंजून त्याची पूड होते. रात्री आत दिवे लावून बाहेरून बघायची युक्तीही चांगली आहे, उजेड दिसतो तिथून उंदीर येतो.

भोकं बुजवण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे खाणं. आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये हा प्रश्न जरा जास्तच. अमेरिकन माणूस बिस्किटाचा पुडा विसरतो. आपण पोहे, शेंगदाणे, रवा, गूळ, चिवडा, आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यात सांडलेले तिळाचे दाणे. मी एकदा मागच्या कपाटात अर्धा किलो शेंगदाण्याची पिशवी विसरलो होतो. वसंतात उघडलं तर पिशवी रिकामी, सगळी टरफलं आमच्या रजईच्या आत आणि रजईचा कापूस ट्रेलर गरम करणाऱ्या भट्टीच्या नळीत. सोबत दोन वायरी कुरतडलेल्या. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला की ट्रेलरचं स्वयंपाकघर दिवाळीच्या साफसफाईसारखं रिकामं करायचं. कपाटांचे कागद काढून, कोपरे पुसून, डब्यांची झाकणं उघडून. लोणच्याची आणि सरबताची बाटली, सोड्याचे कॅन, टूथपेस्ट, औषधं, शाम्पू सगळं घरात. गोठून फुटलेलं कैरीचं लोणचं गालिच्यातून निघत नाही, तेलाचा डाग आणि हिंगाचा वास पुढचे तीन उन्हाळे सोबत करतात.

पेपरमिंटचं तेल, सुगंधी कागद, डांबराच्या गोळ्या यांच्याबद्दल लोक शपथा घेतात. मी सगळं करून बघितलंय. भोक उघडं असेल तर उंदीर त्या वासातही संसार थाटतो, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास उंदरापेक्षा तुम्हाला जास्त छळतो. विष तर टाकूच नका, उंदीर भिंतीत जाऊन मरतो आणि मग भिंत उघडावी लागते. साधे स्प्रिंगचे सापळे लावा, पण तुम्ही सहा आठवडे नसणार, तेव्हा ते बघायला कुणीतरी हवं. त्याकडे येतो.

आता छत आणि ताडपत्री. छतावरचे सांधे, म्हणजे हवेची झाकणं, आकाशखिडकी, अँटेना आणि कडा, एका विशिष्ट लवचिक मलमाने बंद केलेले असतात. उन्हाने त्याला केसासारख्या भेगा पडतात. पाणी त्यात जातं, रात्री गोठतं, भेग रुंद करतं, दुपारी वितळून आणखी आत जातं. मार्चपर्यंत हे कितीतरी वेळा होऊ शकतं. म्हणून शिडी लावा, हाताने दाबून सगळे सांधे तपासा आणि जिथे तडा दिसेल तिथे त्याच जातीचं स्वतःहून पसरणारं सीलंट घाला. रबरी छतावर पेट्रोलियमचं काही वापरू नका. हे काम ५० फॅरनहाइटच्या वर असतानाच करा, गारठ्यात सीलंट धरत नाही. म्हणजे या आठवड्यात किंवा पुढच्या.

निळी ताडपत्री मला अजिबात आवडत नाही. ती वाऱ्यात फडफडते, तिच्या कडा आणि कड्या रंगावर सॅंडपेपरसारख्या घासतात, आणि ती श्वास घेत नसल्यामुळे आतली ओल आतच राहते. छत धड असेल तर काहीही न झाकणं हे ताडपत्रीपेक्षा बरं. झाकायचंच असेल तर श्वास घेणारं, ट्रेलरच्या मापाचं कव्हर घ्या आणि चारही कोपऱ्यांतल्या पन्हळीच्या टोकांवर जुने मोजे किंवा टेनिसचे चेंडू चढवा, नाहीतर कव्हर तिथेच फाटतं. झाडाखाली ठेवणार असाल तर कव्हरचा फायदा जास्त. पुढचा भाग किंचित उंच किंवा खाली ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी छतावर तळं करून बसणार नाही.

आतल्या ओलीसाठी गाद्या भिंतीला उभ्या टेका, कपाटांची दारं उघडी ठेवा, फ्रीज पुसून कोरडा करा आणि त्याच्या दारात टॉवेल अडकवा. बंद फ्रीजला आठ आठवड्यांत काळी बुरशी येते. ओल शोषणारे डबे ठेवता येतात, पण ते भरून सांडतात, म्हणून सिंकमध्ये ठेवा.

टायर, गॅस वगैरे पटकन. टायरमध्ये बाजूवर लिहिलेला पूर्ण दाब भरा, खाली लाकडी फळी, वरून उन्हाचं आवरण, चाकांना अडणी. टायरच्या बाजूवरच्या खुणेतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षांचे झाले असतील तर वसंतात नवे घ्या, खाचा कितीही दिसोत. गॅसच्या टाक्या झडपेशी बंद करा. त्या काढल्यात तरी गॅरेजात किंवा तळघरात आणू नका, बाहेरच ठेवा. प्रोपेन थंडीने बिघडत नाही. बाजूला सरकणारी खोली आत, बाहेर उघडायची कापडी छत्री पूर्ण वाळवून गुंडाळलेली.

कुठे ठेवायचा? घरासमोर सोयीचं, पण आधी तुमच्या सोसायटीचे नियम वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच वसाहतींत ट्रेलर ड्राइव्हवेवर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू देत नाहीत, आणि तुम्ही पुण्यात असताना दंडाचं पत्र दारात पडेल. उघड्या पार्किंगच्या जागा मिळतात. पण मिशिगनमध्ये माझी पसंती शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठाराला किंवा काउंटी जत्रेच्या मैदानातल्या मोठ्या शेडला. जत्रेच्या जागा हिवाळ्यात रिकाम्या असतात म्हणून भाड्याने देतात. ऑक्टोबरात एकदा आत, एप्रिलमध्ये बाहेर, मधे हात लावायला मिळत नाही. छतावर बर्फ नाही, ऊन नाही, वारा नाही. तुमच्यासारख्या सहा आठवडे गायब होणाऱ्याला हे सगळ्यात योग्य. एकच तोटा, कोठार म्हणजे उंदरांचं माहेर, तेव्हा भोकं आणखी काटेकोर बुजवा. हिवाळ्यात विम्यातला रस्त्यावरचा भाग कमी करून फक्त चोरी-नुकसानीचा ठेवता येतो. ट्रेलरवर कर्ज असेल तर आधी बँकेला विचारा.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात छत. १५ ऑक्टोबरच्या आत पाणी, बॅटरी आणि स्वयंपाकघर. मग उंदरांची भोकं आणि कोठार. जायच्या आधी एकदा प्रत्येक झडपेचा, मोकळ्या नळांचा आणि काढलेल्या बुचांचा फोटो काढून ठेवा, एप्रिलपर्यंत आठवत नाही. आणि एखाद्या मित्राला किल्ली देऊन जा. कोठार असेल तर मालकाला विनंती करा की आत गेला तर बाहेरून एकदा नजर टाक. घरासमोरच असेल तर मित्राने जोरदार बर्फानंतर एकदा मऊ झाडूने छत झाडावं आणि सापळे बघावेत, बस.

विजेच्या पॅनेलवर एक चिठ्ठी चिकटवायला मात्र विसरू नका: "हीटरच्या टाकीत पाणी नाही. विजेवर चालू करू नये." वसंतात उत्साहाच्या भरात कुणी तो खटका दाबला तर कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. मी ही चिठ्ठी मराठीत लावतो, कारण आमच्याकडे तो खटका नेहमी माझा मेहुणाच दाबतो.

वसंतात पाइप साध्या पाण्याने धुऊन, टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच घालून रात्रभर ठेवायचं आणि पुन्हा धुवायचं. ते एप्रिलमध्ये विचारा, सविस्तर सांगेन.

तूर्त वॉटर हीटरच्या बाहेरच्या दारावरचं कंपनीचं नाव आणि आतल्या बाजूच्या झडपांचा एक फोटो टाका. कुठली कुठे फिरवायची ते नेमकं सांगतो.